सर्नुनोसची उत्तरपूजा

“सर्नुनोस ना? अहो, तो आपलाच,” चंद्रशेखर म्हणाले आणि वरणभातावर तूप वाढून घ्यायला त्यांनी ताट पुढे केलं. चतुर्थीची दुपार होती. नेपरव्हिलच्या घरात पार बेसमेंटपर्यंत माणसं बसली होती. हॉलमध्ये गणपतीच्या शेजारी, त्याच चौरंगावर, विहीणबाईंनी विस्कॉन्सिनहून गाडीत घालून आणलेला एक लाकडी देव मांडी ठोकून बसला होता. डोक्यावर हरणाची खरीखुरी शिंगं. “नाव बघा ना. शिंगवाला. आपलं शृंग, तेच ते. गेला तिकडे पॅरिसला, थंडीत उच्चार आखडला, एवढंच. मूळचा पशुपती. जगातला कुठलाही देव आणा माझ्यापुढे, त्याचं माहेर मी दोन मिनिटांत काढून देतो.” विहीणबाई, म्हणजे मॉरीन, हातानं जेवत होत्या, मन लावून, कढी कोपरापर्यंत येऊ देत. त्यांनी बोटं चाटली आणि शांतपणे सांगितलं की हे नाव स्पष्ट असं एकाच दगडावर सापडलंय, पॅरिसला, एका मोठ्या चर्चच्या खाली, आणि त्यातलंसुद्धा पहिलं अक्षर आता झिजून गेलंय. शिंगवाला असा अर्थ लावतात खरा. पण त्याची पूजा कशी करायचे, काय म्हणायचे, काय वाहायचे, हे कुणालाच ठाऊक नाही, कारण त्याला मानणाऱ्या त्या जुन्या लोकांनी काही लिहूनच ठेवलं नाही. “वी डोन्ट नो,” त्या म्हणाल्या आणि इतक्या प्रसन्न हसल्या की बघणाऱ्याला वाटावं, ठाऊक नसणं ही काही मिळवायची गोष्ट आहे. “आणि शृंग अँड हॉर्न आर कझिन्स, बाबा,” सावनी पलीकडून म्हणाली. “कझिन्स. नॉट युअर किड्स.” सगळे हसले. चंद्रशेखरही हसले. तूप ताटाबाहेर, त्यांच्या पितांबरावर पडलं होतं, ते कुणी बघितलं नाही.

सावनीनं मात्र एकदा बघितलं त्यांच्याकडे, आणि ते बघणं दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासतानाही आरशात होतं. पोटुशी मुलगी, सातवा महिना, हर्नडनहून नवऱ्याला, कॉनरला, घेऊन मुद्दाम गणपतीला आलेली. एअरपोर्टवरून येताना गाडीतच तिनं सांगून टाकलं होतं, मागच्या सीटवरून, हळू आवाजात, कॉनरला मराठी कळत नाही म्हणून मराठीत. बाबा, मॉरीनच्या देवाबद्दल तुमचं एकसुद्धा लेक्चर झालं, तर डिसेंबरमध्ये बाळाला बघायला आई एकटी येईल. चंद्रशेखर हो म्हणाले होते. आणि चोवीस तासांच्या आत पशुपती. ते वाक्य तोंडातून गेलं कसं तेच त्यांना कळत नव्हतं. अडवायला म्हणून तोंडात घास घेतला होता, तर घासाच्या बाजूनं वाट काढून ते बाहेर आलं. एक लेक्चर म्हणजे किती, हे विचारायला हवं होतं. दोन मिनिटांचं धरतात का? तिनं धरलंय का, हे तिला विचारावं तर विचारणं हेच दुसरं लेक्चर. खाली स्वयंपाकघरात त्यांची बायको सुनेत्रा दहीपोहे कालवत होती आणि तिच्याशी सावनी काहीतरी बोलून हसत होती, आणि ते हसणं जिन्यावरून वर येताना त्याचा अर्थ बदलत होता.

कॉनरचे वडील टॉम आता नव्हते. लग्नाच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला होते, किमोनं केस गेलेले, डोक्याला लोकरीची टोपी, हातांना जवसाच्या तेलाचा वास. सुतारकाम हा त्यांचा छंद. लाकडाला ते तेल लावतात म्हणे. त्यांनी चंद्रशेखरना काहीतरी विचारलं होतं आणि चंद्रशेखर सुरू झाले होते, तिकडचे जुने पुरोहित, ड्रुइड, म्हणजे आपले द्रविड, आणि आयरिश लोक म्हणजे वाट चुकलेले कोकणस्थ, आणि लोक हसले म्हणून आणखी पुढे. टॉम टोपी सारखी करत ऐकत राहिले. त्या हिवाळ्यात त्यांनी हा देव कोरला, आणि वसंतात ते गेले. ही सगळी माहिती सावनीनंच दिली होती, एकेक करून, पाणी गाळल्यासारखी. “ही हॅड वन क्वेश्चन, बाबा. वन.” तो प्रश्न काय होता, ते चंद्रशेखरना काही केल्या आठवत नव्हतं. उत्तर तेवढं आठवत होतं, सगळंच्या सगळं.

अकराच्या सुमारास पुरुषोत्तम आला. पुरुषोत्तम नागपूरचा, रिटायर्ड कार्डिऑलॉजिस्ट आणि मंडळाचा हौशी भटजी. लोकांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला तसाच देवांच्या छातीला हात लावायचा. दीड दिवसाच्या गणपतीची उत्तरपूजा सांगायला आला होता. चौरंगापुढे उभा राहून त्यानं दोन्ही देव निरखून बघितले, आणि मग एकदम धंद्याच्या आवाजात म्हणाला, “चंदू, या शिंगवाल्यावर अक्षता दिसतात रे.”

“काल वाहिल्या.”

“नुसत्या वाहिल्या की आवाहन केलंस?”

“दोघांचं एकदमच केलं,” चंद्रशेखर म्हणाले. “छातीला हात लावून, मंत्र म्हणून. पाहुणा देव, म्हटलं त्याला वेगळं कशाला वागवायचं.”

“प्राणप्रतिष्ठा केलीस?” पुरुषोत्तम हसायला लागला. “अबे, आणलंस तर पाठवावं लागतं ना. गणपती जाईल कैलासाला. हा कुठं जाणार? आणि जा म्हणशील काय नावानं? पहिलं अक्षरच गायब आहे म्हणतात.”

“सुनेत्रा, याला कॉफी दे,” चंद्रशेखर म्हणाले.

“आता मुक्कामी समज,” पुरुषोत्तम कॉफीकडे जाता जाता म्हणाला. “रोज आंघोळ, रोज नैवेद्य. विहीणबाई घेऊन जातील ते नुसतं लाकूड.”

तो थट्टा करत होता. चंद्रशेखरना तो थट्टा करतोय हे पक्कं माहीत होतं, कारण चाळीस वर्षं ते स्वतःही अशीच करत आले होते. जन्मभर पंपांची डिझाइनं केलेला माणूस. पाणी वर का जातं हे ज्याला माहीत आहे त्याला भीती कसली? पण पुरुषोत्तम कॉफीला गेल्यावर ते चौरंगापुढे एकटे उभे राहिले तेव्हा कालपासून घडलेल्या सगळ्या गोष्टी आपण होऊन ओळीनं येऊन उभ्या राहिल्या. आरतीचा कापूर लावताच स्मोक अलार्म वाजला आणि फायर स्टेशनवरून फोन आला, तो घेतला सावनीनं. फोडायचा नारळ हातातून सुटून स्टोव्हखाली गेला, अजून तिथंच होता. सुनेत्रानं याच्यापुढे काय ठेवायचं म्हणून मॉरीनना विचारलं तर त्या म्हणाल्या, टॉम त्याला बिअर ठेवायचे. सुनेत्रानं क्षणभर विचार करून ताकाची वाटी ठेवली होती, कोथिंबीर घालून. ती वाटी सकाळी रिकामी होती. कुणी प्यायलं असेल. कॉनर प्यायला असेल, त्याला ताक आवडतं. विचारायला काही हरकत नव्हती, पण नाही म्हणाला तर? देव तसा बघत नव्हता कुणाकडे. टॉमनं त्याचे डोळे मिटलेले कोरले होते, ओठावर हसू होतं की लाकडाची रेषा होती कोण जाणे, आणि चंद्रशेखरना वाटलं, बघत असता तर बरं झालं असतं. एलेव्हेटरमध्ये आपल्यामागे कुणीतरी उभं असावं, श्वास ऐकू यावा, आणि मजला येऊ नये, तसं काहीतरी पाठीत बसलं.

नाव. संकल्पात नाव लागतं, गोत्र लागतं, देशकाल लागतो. देशाचं त्यांनी केव्हाच जमवलं होतं. इकडे आल्यावर पहिल्या वर्षी, शॉमबर्गच्या त्या एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये, मूर्ती कुठून आणणार, तर सुनेत्रानं कणकेचा गणपती केला होता, मिऱ्याचे डोळे लावून. दीड दिवस हीटरवर बसवला, तर पोटाला तडा गेला. विसर्जन बाथटबमध्ये. पाण्यात हात घालून दोघं बसून राहिली होती, गुडघे टबाला टेकवून, आणि कणीक हळूहळू सुटत होती, सोंड आधी, मग कान, आणि ती दोघांच्या बोटांतून जात होती. मिरे तेवढे तरंगत राहिले. दुसऱ्या दिवशी ड्रेन तुंबला आणि बिल्डिंगचा मॅनेजर आला, गुडघ्यावर बसला, आणि पाइपमधून पांढरा चिकट गोळा काढून त्यानं वर धरला. हे काय आहे? “ब्रेड,” चंद्रशेखर म्हणाले होते. मॅनेजर बघत राहिला. बाथटबमध्ये ब्रेड का, ते त्यानं विचारलं नाही, सभ्य माणूस होता. पण त्यानंतर ऑफिसात कुणी विचारलं, हत्तीचं डोकं कशाला, एवढे हात कशाला, की चंद्रशेखरांकडे उत्तर तयार असायचं. नसलं तर ते उभ्या उभ्या तयार करायचे. मग उत्तरं वाढत गेली, प्रश्नांच्या आधी यायला लागली, आणि कुणी विचारायचंच बंद झालं.

बाथरूमचं दार लावून, कमोडच्या झाकणावर बसून त्यांनी फोन काढला. मॉरीन म्हणत होत्या ते खरं होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. शंभर लोक शंभर तऱ्हांनी ठाऊक नाही असं सांगत होते. मात्र एक गोष्ट परत परत येत होती. ते लोक मौल्यवान वस्तू पाण्यात सोडायचे. तळ्यात, दलदलीत, नदीत. तलवारी, कढया, दागिने. असाच एक शिंगवाला मांडी घालून बसलेला डेन्मार्कच्या दलदलीत चांदीच्या भांड्यावर निघाला होता. चंद्रशेखरना एकदम हलकं वाटलं. पाणी. पाण्याचं त्यांना कळत होतं. सोडायचं नाही अर्थात, टॉमच्या हातचं आहे, नुसते पाय बुडवायचे, जा म्हणायचं, पुसायचा, परत चौरंगावर. कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर ते लेक्चर.

उत्तरपूजा झाली. गणपतीवर अक्षता पडल्या, पुरुषोत्तमनं मूर्ती जराशी हलवली, सुनेत्रानं त्याच्या हातावर दही ठेवलं. शेजारच्याकडे पुरुषोत्तमनं नुसतं बघून भुवया उडवल्या. मग पुरुषोत्तम गणपतीला घेऊन मागच्या अंगणात गेला, तिथं टेबलावर ठेवला, शेजारी पाण्याचा मोठा टब भरलेला होता. झांज सापडेना म्हणून सुनेत्रा वर गेली. सावनी मॉरीनना दहीपोहे कसे करतात ते सांगत होती. चंद्रशेखरांनी लाकडी देव उचलला, उपरण्याखाली घेतला, आणि गॅरेजच्या दारानं बाहेर पडून कुंपणाच्या कडेनं पलीकडच्या तळ्याकडे निघाले. शिंगं उपरण्याबाहेर आली होती. समोरचा शेजारी गवत कापत होता, त्यानं हात केला. चंद्रशेखरनीही केला.

तळं म्हणजे पावसाचं पाणी साठवायला बिल्डरनं खणलेला खड्डा, मधोमध कारंजं, काठावर पोहू नका आणि गीजना खायला घालू नका अशी पाटी. दोन गीज होत्याच, हंसाच्या जातीच्या, लांब मानेच्या. चंद्रशेखर उकिडवे बसले. पाणी गढूळ होतं आणि त्याला कापलेल्या गवताचा वास येत होता. त्यांनी देवाचे पाय पाण्याला लावले. काय म्हणायचं? तुम्ही जे कोण असाल ते, असं मनात आलं, आणि ते त्यांना बरोबर वाटलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी बरोबर वाटलं. जे कोण असाल ते, या आता. लाकडाला ओल्या बोटांखाली एक वास सुटला, जवसाच्या तेलाचा, आणि त्या वासाबरोबर टोपी आली, टोपी सारखी करणारा हात आला, आणि प्रश्न. तुम्ही दरवर्षी हत्तीला पाण्यात सोडता, तर तेव्हा वाईट वाटतं का? एवढंच विचारलं होतं. मरायला टेकलेला माणूस विचारत होता, सोडताना वाईट वाटतं का, आणि आपण त्याला द्रविड सांगितले. त्याच वेळी डावीकडच्या गूजनं मान लांब करून फिस्कारून त्यांच्या पोटरीचा चावा घेतला. हात सुटला. देव बुडाला नाही. लाकूडच ते, उताणा झाला, शिंगं वर, मांडी तशीच, आणि संथपणे, घाई नसलेल्या माणसासारखा, कारंज्याकडे निघाला.

त्यानंतर चंद्रशेखर पाण्यात उतरले. उतरले म्हणजे घसरले. कमरेपर्यंत पाणी, त्याखाली गुडघ्यापर्यंत चिखल, आणि पितांबर पाणी पिऊन सुटायला लागलेला. कारंज्याच्या धारांत देव गोल गोल फिरत होता. “बाबा,” असं कुणीतरी ओरडलं आणि अंगणातली सगळी माणसं काठावर आली, पुरुषोत्तम हातात निरांजन तसंच घेऊन. कॉनर बूट काढायला लागला. चंद्रशेखरनी हात लांब करून शिंग पकडलं, ओढलं, आणि शिंग हातात आलं. देव तसाच फिरत राहिला. दुसऱ्या खेपेला त्यांनी मान पकडली आणि छातीशी धरून ते वळले. काठावर मॉरीन होत्या, तोंडावर हात ठेवून. शेजारी सावनी. पितांबर कारंज्यापाशी राहिला होता. आत लेंगा होता, देवाच्या दयेनं.

“वॉज दॅट... पार्ट ऑफ युअर पूजा?” मॉरीननी हळूच विचारलं. आणि चंद्रशेखरना दिसलं की आता फक्त हो म्हणायचं बाकी आहे. तलवारी, कढया, डेन्मार्क, सगळं जिभेवर येऊन रांगेत उभं होतं, शेवटी पशुपती. मॉरीनचे डोळे भरलेले होते, त्यांना ते खरंही वाटलं असतं, चांगलंही वाटलं असतं. सावनी बघत होती. तिचा हात पोटावर होता.

“नाही,” ते म्हणाले. “म्हणजे, आय डोन्ट नो. मला माहीत नाही. काल त्याला बोलावलं, पण पाठवायचं कसं ते येत नव्हतं. पाय बुडवायला आणला, तर निसटला. गूज चावली.” दात वाजत होते. “टॉमनी मला एक विचारलं होतं, लग्नाच्या आधी. सोडताना वाईट वाटतं का. मी काहीतरी भलतंच बोललो. वाटतं. पहिल्या वेळी आम्ही दोघं बाथटबपाशी बसून होतो, ही आणि मी, आणि फार वाईट वाटलं होतं. ते सांगायचं राहिलं.”

सुनेत्रा काठावर आली होती. झांजा तिच्या हातात आपोआप एकमेकींना लागल्या.

मॉरीननी देव घेतला, राहिलेलं शिंगही उपटून काढलं, दोन्ही पुसून पर्समध्ये ठेवली. “खुंटीवर बसवलेली आहेत, निघतात,” त्या म्हणाल्या. “टॉमनं स्वतः एकदा टाकला होता याला तळ्यात. तरंगतो का बघायला.” आणि हसल्या, आणि हसताना नाक पुसलं. सावनीनं निळा टॉवेल वडलांच्या खांद्यावर टाकला आणि जरा जोरातच पाठ पुसली. “डिसेंबरमध्ये थर्मल्स आणा,” ती म्हणाली. “दोघंही. हर्नडनला कधीकधी जास्त थंडी पडते.” मग, “अँड नो स्वीमिंग.” चंद्रशेखरनी मान हलवली. पाठीतलं ते एलेव्हेटरमधलं माणूस अजून होतं, पण ते आता बाजूला सरकून उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात अंगणातले स्प्रिंकलर त्यांच्या वेळेला सुरू झाले. गणपती शाडूचा, टेबलावर उघड्यावर. सुनेत्रा पळाली, तिनं त्याला त्याच सेटमधल्या दुसऱ्या निळ्या टॉवेलमध्ये गुंडाळून गॅरेजमध्ये फ्रीझरवर नेऊन ठेवला. कॉनरनंही ओला देव तसल्याच निळ्या टॉवेलमध्ये गुंडाळून तिथंच ठेवला. मॉरीनना अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं, त्या निघाल्या. कोरडे कपडे घालून आलेले चंद्रशेखर म्हणाले, थांबा, मी आणून देतो, हे माझं काम. गॅरेजमधून टॉवेलचं गाठोडं त्यांनी दोन्ही हातांनी, छातीशी धरून आणलं. जड होतं. पाणी प्यायलाय बिचारा, त्यांनी मनात म्हटलं. मागच्या सीटवर ठेवून त्यांनी त्याला पट्टा लावला आणि पट्टा ओढून बघितला. मॉरीननी त्यांना मिठी मारली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते हात हलवत उभे होते.

स्प्रिंकलर बंद झाल्यावर सगळे परत टबापाशी जमले. पुरुषोत्तमनं आरती म्हटली, झांजा वाजल्या, सावनीनं फोनवर व्हिडिओ सुरू केला. चंद्रशेखरनी टॉवेल सोडला. आत सर्नुनोस होता, ओला, मांडी घातलेला, शिंगांवाचून. शिंगं मॉरीनच्या पर्समध्ये होती. मॉरीन टोलच्या रस्त्याला लागल्या होत्या, आणि त्यांच्या मागच्या सीटवर पट्टा लावून गणपती बसला होता. उत्तरपूजा त्याची झाली होती. याची राहिली होती.